मुहेझ्यात गणपती बसवू का?

मावशी,

मी चिपळूणजवळच्या एका खेड्यातली. फेब्रुवारीपासून टांझानियात आहे, टांगा प्रांतात, मुहेझा गावाजवळ. एका संस्थेतर्फे अकरा महिन्यांसाठी स्वयंसेवक म्हणून आले आणि इथल्या प्राथमिक शाळेत गणित शिकवते. राहते एका मुस्लिम कुटुंबात. घरात मामा (इथे आईला 'मामा' म्हणतात, पहिले आठ दिवस मला हसू आवरायचं नाही), त्यांच्या सासूबाई म्हणजे बीबी, आणि तीन मुलं. माणसं फार जीव लावणारी आहेत.

जन्मल्यापासून मी घरचा एकही गणपती चुकवलेला नाही. कॉलेज मुंबईत झालं, पण दर वर्षी कोकण रेल्वेत दारात उभी राहून का होईना, घरी पोचले. यंदा नाही. आई म्हणते, तिकडेच लहानशी मूर्ती बसव, मी कुरियरने पाठवते. संस्थेच्या नियमांत लिहिलंय, स्वयंसेवकांनी धर्मप्रचार करायचा नाही. आमच्या समन्वयक बाई म्हणतात, शाळेत 'संस्कृती दिन' कर, नऊवारी नेस, मुलांना गणपतीची गोष्ट सांग, आपण फोटो काढू. आणि मला वाटतं, जिथे मुलं दुपारी पेलाभर उजीवर, म्हणजे मक्याच्या पेजेवर राहतात, तिथे मी मोदक कुठल्या तोंडाने करू? काहीच करू नये असं ठरवते आणि रात्री मच्छरदाणीत तोंड खुपसून रडते. काय करू?

फार लांबची चाकरमानी

•

लांबच्या चाकरमानी,

आधी आईच्या कुरियरचं बघू. शाडूची मूर्ती चिपळूणहून निघणार, दार-ए-सलामला उतरणार, तिथून बसने साडेतीनशे किलोमीटर टांग्याच्या रस्त्याला लागणार. गणपती पोचेल गं, पण सोंड एका पुडक्यात आणि कान दुसऱ्यात. आईला सांग, नको.

मूर्ती नको म्हणण्याचं खरं कारण मात्र वेगळं आहे, आणि ते तुझ्या आईला माझ्याहून चांगलं माहीत आहे. तुमच्या घरचा गणपती तुमच्या घरी बसतोच आहे. कोकणात घराचा गणपती एक. चार भाऊ मुंबईत चार टोकांना राहत असले तरी बहुतेक घरांत कुणी आपापल्या खोलीत वेगळा आणत नाही, सगळे मूळ घरी येतात. ज्याला रजा मिळाली नाही तो सकाळी हात जोडतो आणि कामावर जातो. घरात सुतक आलं तर ते वर्ष राहूनही जातं, देव काही डूख धरत नाही. तेव्हा तू गणपती 'चुकवत' नाहीयेस. तुला घरी पोचता येत नाहीये, आणि रडू त्याचं येतंय. ही दोन वेगळी दुखणी आहेत. मूर्ती बसवून दुसऱ्यावर उतारा पडणार नाही, उलट त्या खोलीत एकटीने आरती म्हणताना घशात जास्तच दाटून येईल.

म्हणून चतुर्थीला नुसती उठून शाळेत जा, असंही मी म्हणणार नाही. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे गणपती लांबले आहेत, १४ सप्टेंबर, सोमवार. म्हणजे तुला तयारीला वेळ आहे. मूठभर तांदूळ, त्यावर पूजेची सुपारी. तो गणपती. आपल्याकडे सत्यनारायणापासून लग्नापर्यंत प्रत्येक कार्यात गुरुजी पहिला नमस्कार सुपारीच्या गणपतीलाच घालतात, तेव्हा यात काही कमीपणा नाही. गोव्यात तर काही घरांत आजही कागदावरचा गणपती पुजतात. पोर्तुगीज अमदानीत मूर्ती ठेवणं जिवावरचं झालं तेव्हापासूनची ही रीत, असं ती घरं सांगतात. निघताना आईने तुझ्या सामानात सुपारी टाकलीच असेल, एकदा बॅगेचे कोपरे चाचप. नसेल तर टांगा शहरात भारतीयांच्या दुकानात विचार. दूर्वा तुझ्या शाळेच्या मैदानात आहेत, तुला त्या गवत वाटल्या असतील एवढंच. नैवेद्याला गूळखोबरं.

आता खरी गोष्ट. हे सगळं करण्याआधी बीबींना विचार. मामांना नाही, बीबींना. घरात थोरली बाई कोण हे तुला एव्हाना कळलं असेल. तू रोज सकाळी त्यांना 'शिकामो' म्हणत असशील. त्या शब्दाचा मूळ अर्थ 'पाय धरते' असा सांगतात, म्हणजे तू सहा महिने रोज एका आजीच्या पाया पडते आहेस आणि त्या रोज 'मराहाबा' म्हणून तो नमस्कार घेताहेत. एवढ्या शिदोरीवर एक प्रश्न विचारता येतो. आडून विचारू नकोस, 'आमच्याकडे एक छोटा कार्यक्रम असतो' अशी पुडी सोडू नकोस. सरळ सांग: सोमवारी आमचा मोठा सण आहे, मी माझ्या खोलीत देवासमोर दिवा लावून प्रार्थना करते, अर्धा तास लागतो, घरात चालेल का? त्या 'चालेल' म्हणतील असा माझा अंदाज आहे. पण 'नको' म्हणाल्या तर तोंड पाडू नकोस. घर त्यांचं आहे. मग सुपारी रुमालात बांध, मनातल्या मनात अथर्वशीर्ष म्हण आणि शाळेला जा. दार-ए-सलामला मराठी मंडळी आहेत, एखादा शनिवार-रविवार साधून तिथे आरतीला उभी राहा. पाठ असलेल्या आरत्या मोठ्याने म्हणायची तहान तिथे भागेल.

एक धोक्याची सूचना, कारण तू पत्रात मच्छरदाणीचा उल्लेख केला आहेस. निरांजन मच्छरदाणीजवळ ठेवू नकोस. नायलॉनची जाळी फुलवातीपासून हातभर अंतरावरही फडफडत येऊन पेट घेते. जमिनीवर, दाराजवळ, मच्छरदाणी वर गुंडाळून मगच दिवा लाव. उदबत्तीची काळजी नको, किनाऱ्यावरच्या घरांत 'उडी' जाळतातच. शब्दही आपल्या ऊदाचाच.

संस्थेच्या नियमाचं म्हणशील तर आपल्या खोलीत आपली पूजा करणं हा प्रचार नव्हे. तरी समन्वयक बाईंना एका ओळीत आधी कळवून ठेव. नंतर कुणी सांगितलं तर ते वेगळं ऐकू येतं.

आणि त्यांच्या 'संस्कृती दिना'ला नाही म्हण.

का ते नीट सांगते, कारण त्या तुझ्या भल्याचंच सुचवताहेत आणि तुला नाही म्हणणं जड जाईल. बीबी तुला नाही म्हणू शकतात. मामा म्हणू शकतात. शेजारीण 'आज जमत नाही' म्हणून टाळू शकते. तुझ्या वर्गातलं पोर नाही म्हणू शकत नाही. तू त्याची शिक्षिका आहेस, बाहेरून आलेली आहेस, तुझ्या हातात खडू आहे. तू 'या, माझ्या देवाची गोष्ट ऐका' म्हणालीस की ते बसणारच, टाळ्या वाजव म्हटलं की वाजवणारच. मग घरी जाऊन ते सांगेल, बाईंनी आज हत्तीच्या तोंडाचा देव दाखवला. त्याचे वडील काय म्हणतील हे तुलाही माहीत नाही, मलाही नाही. आपल्या एखाद्या झेडपीच्या शाळेत परदेशी पाहुण्या बाईने असंच केलं असतं तर गावात काय बोललं गेलं असतं, ते मात्र आपल्या दोघींना माहीत आहे. फोटोचं तर नावच काढू नकोस. नऊवारीतली तू मधोमध आणि भोवती चाळीस पोरं, हा फोटो संस्थेच्या अहवालात छान दिसतो. त्या पोरांच्या आईबापांना कुणी विचारलेलं नसतं.

बाईंना काहीतरी द्यायचंच असेल तर तुझ्या विषयातलं दे. तुझ्या पोरांना 'लाकी' म्हणजे किती ते विचार. एक लाख! स्वाहिलीत एक लाखाला लाकी म्हणतात हे तुझ्या लक्षात आलंच असेल. दुका, पेसा, गारी, चपाती हे सगळे शब्द फळ्यावर लिही आणि शेजारी आपले दुकान, पैसा, गाडी, चपाती लिही. बाजूला नकाशा काढ. 'कुसी' म्हणून दक्षिणेकडचा वारा तिथे वाहतो, कोळ्याच्या प्रत्येक पोराला तो ठाऊक असतो. तो पुढे समुद्र ओलांडून येतो आणि तुझ्या चिपळुणात जूनमध्ये पाऊस पाडतो. 'कास्काझी' म्हणजे उलटा वारा, त्यावर शिडं सोडून आपल्या बाजूची गलबतं तिकडे जायची. टांगा या शब्दाचा अर्थच शीड. (आपला टांगा घोड्याचा, त्यांचा वाऱ्याचा.) एवढं सांगितलंस तर तास संपेल आणि कुणाच्या देवाला धक्का लागणार नाही.

आता मोदक. इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे.

१९९६ साली मी केनियाच्या किनाऱ्याजवळच्या एका गावात परिचारिकांना शिकवायला गेले होते. दीड वर्ष होते, तुझ्यासारखीच, भत्त्यावर. चतुर्थीला मोठ्या हौसेने मोदक केले, देवाला नैवेद्य दाखवला आणि त्याच ताटातले पाच मोदक वर झाकण घालून शेजारी पाठवले. शेजारीण निवृत्त शिक्षकाची बायको, पाच वेळा नमाज पढणारी, माझ्यावर फार माया करायची. चार दिवस ताट परत येईना. मी मनात म्हटलं, आवडले नसतील. पाचव्या दिवशी ती स्वतः दारात आली, 'होडी' म्हणून, म्हणजे 'येऊ का?' अशी हाक दिली. ताटात चार गरम माहामरी, म्हणजे तळलेल्या गोडसर फुगऱ्या पुऱ्या, कारण रिकामं ताट तिच्याकडेही परत देत नाहीत. बसली, पाणी प्याली आणि मग हळूच विचारलं, "ते गोड तू तुझ्या देवाला दाखवलं होतंस का?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मला वाटलंच. मी खाऊ शकले नाही, टाकवेनातही. आधी सांगितलं असतंस तर मी देवाला दाखवायच्या आधीचे मागितले असते."

आधीचे मागितले असते! मला ती ओळ आज तीस वर्षांनीही ऐकू येते. तिला माझे मोदक हवे होते. मी तिला ते खाण्याची सोय ठेवली नव्हती. आपल्याला प्रसाद म्हणजे वाटायची गोष्ट, जितका वाटावा तितका बरा. प्रसाद नाकारणारं माणूस आपल्या डोळ्यांपुढे येतच नाही. पण देवाला अर्पण केलेलं अन्न कित्येक मुसलमान खात नाहीत, आणि कितीतरी ख्रिस्तीही. त्यात तुझा अपमान नाही, त्यांचा नेम आहे. आपल्या घरातही उपासाच्या दिवशी साबुदाण्याला कांद्याचा हात लागला तर आजी काय करते ते आठव.

तेव्हा मोदक होतील तसे घरच्यांचे आधी बाजूला काढ. पाच वेगळ्या वाटीत घेऊन आपल्या खोलीत जा, नैवेद्य दाखव, ते तुझे. आणि बाहेर येऊन बीबींना स्पष्ट सांग, हे तुमचे, हे देवापुढे ठेवलेले नाहीत. हे वाक्य स्वाहिलीत आधी पाठ करून ठेव, कुणा शिक्षिकेकडून तपासून घे. आयत्या वेळी अडखळलीस तर भलताच अर्थ जाईल.

मोदक कुठल्या तोंडाने करू, असं विचारतेस. हिशेब मांड. दोन वाट्या पिठी, एक मोठा नारळ, वाटीभर गूळ. त्यात एकवीस बारके मोदक होतात. मक्याच्या पेजेवर राहणाऱ्या मुलांपुढे तू पंचपक्वान्नांचं ताट मांडत नाहीयेस. ज्या घरात राहतेस त्या घरात एक संध्याकाळ एक गोड करते आहेस, आणि त्या घरातही पोरं आहेत. शाळेत मात्र नेऊ नकोस. एकवीस मोदक आणि चारशे तोंडं, हे गणित तुझ्याच विषयातलं आहे. आणि तुझं रात्रीचं रडणं त्या उजीच्या पेल्यात काही भर घालत नाही. शाळेच्या जेवणाबद्दल खरंच काही करावंसं वाटत असेल तर ते ऑक्टोबरात कर, मुख्याध्यापकांशी बोलून. सणाशी त्याची गाठ मारू नकोस.

करायचे कसे? तुला ठाऊक असेलच, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. तू कोकणातून निघून कोकणातच जाऊन पडली आहेस गं. मामांच्या स्वयंपाकघरात नारळ खवायला जे आहे ते बघ: बसायची बुटकी घडवंची, पुढे दाते असलेलं लोखंडी पातं. तुझ्या आजीची खवणीच ती. तिला ते 'म्बुझी' म्हणतात, म्हणजे बकरी. पातं पुढे मान काढून असतं म्हणून असेल. वेलदोडा 'इलिकी', आणि तो तुझ्या डोक्यावरच्या उसांबाराच्या डोंगरात पिकतो. तो सोललेला घेऊ नकोस, बोंडं घे. तांदळाचं पीठ दुकानात मिळेल, पण ते बहुधा वितुंबुआसाठी, म्हणजे तिथल्या गोड आप्प्यांसाठी दळलेलं, जरा भरड. त्यापेक्षा तांदूळ धुऊन सावलीत वाळव आणि मामांच्या उखळात कांडून फडक्यातून चाळून घे. उखळाला ते 'किनू' म्हणतात. शेजारच्या पोरी मुसळ घ्यायला धावत येतील, ते काम त्यांच्या हातचं आहे.

गुळाला तिथे 'सुकारी गुरू' म्हणतात. पण तो बाजारात विचारताना एक लक्षात ठेव: आपल्याकडे काळा गूळ मागितला की दुकानदार जसा डोळे बारीक करून बघतो, तसंच तिथेही होऊ शकतं, कारण हातभट्टीला तो लागतो. म्हणून पाव किलोच माग आणि मामांना सोबत ने. नव्या बाईने एकटीने दोन किलो सुकारी गुरू उचलला तर तुझ्या चतुर्थीआधी गावात दुसरीच वार्ता पसरेल.

अडचण एकच येईल, ती जिकोची. कोळशाच्या शेगडीला 'मंद आच' ही गोष्ट नसते. उकडीचं पाणी उकळलं, मीठ-तूप पडलं की सुफुरिया, म्हणजे पातेलं, सरळ जमिनीवर उतरव, मग पीठ घाल आणि झाकून ठेव. शेगडीवर ठेवून ढवळत बसलीस तर तळ करपतो आणि कोळशाचा वास पिठाला धरतो. मी दोनदा करपवली आहे. उकड हात पोळत असतानाच मळायची, तेलपाण्याचा हात लावून. वाफवायला सुफुरियात वाटी उपडी ठेव, वर चाळणी, चाळणीत केळीचं पान. हळदीचं पान मिळालं तर नशीब. आणि पाऱ्या फुटल्याच, काही केल्या कळ्या जमल्या नाहीत, तर रडायचं नाही. तेच पीठ नारळाच्या दुधात सैल कर, गूळ-वेलची घाल आणि मामांचं वितुंबुआचं भांडं माग. ते आपलं आप्पेपात्रच आहे. त्यातून निघतील ते गोड आप्पे, मामांच्या भाषेत वितुंबुआ. बीबी तुला म्हणतील, हे तर आमचंच. म्हणू देत.

वेळेचं मात्र सांभाळ. सूर्योदयापासून घटका मोजणारं आपलं पंचांग आणि तिथलं घड्याळ यांचं जमतं. पण तुझं मनगटी घड्याळ त्यात बसत नाही. दुपारी चारला यायचं असेल तर 'सा कुमी' म्हण, म्हणजे सकाळी सहापासून मोजलेला दहावा तास. नुसतं चारचा आकडा सांगितलास तर कुणी सकाळी दहाला उगवेल, कुणी रात्री. माझ्याकडे एक बाई सकाळी दहाला आली होती, जेवायच्या तयारीने.

आणखी एक. चतुर्थी सोमवारी आहे. बऱ्याच धार्मिक घरांत वडीलधारी माणसं सोमवारी आणि गुरुवारी ऐच्छिक रोजा ठेवतात. बीबी ठेवतात का ते तू सहा महिन्यांत पाहिलं असशीलच. ठेवत असतील तर चांगलंच जमून येईल. सप्टेंबरात तिथे सूर्य सव्वासहा-साडेसहाच्या सुमारास मावळतो. शाळा सुटल्यावर, सा कुमीला, मामा आणि शेजारणीला बोलाव. खायला बोलावू नकोस, करायला बोलाव. एकीने खवायचं, एकीने सारण परतायचं, तू कळ्या पाडायच्या. बांग होईस्तोवर पहिला घाणा उतरेल. बीबींनी खजूर आणि पाणी घेतलं की त्यांच्यापुढे वाफाळता मोदक ठेव. तूप वरून, सढळ.

पाचला एक काम करायचं आहे. तुझं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, तेव्हा तुझ्याकडे पाच वाजतात तेव्हा चिपळुणात साडेसात. आरती सुरू होते तेव्हा आईला व्हिडिओ लाव. एकच फोन. दिवसभर फोन धरून बसू नकोस. घरचं सगळं दिसतं, हात पोचत नाही आणि मधेच नेट जातं. आरतीपुरता लाव आणि फोन चुलीशेजारच्या डब्याला टेकवून ठेव, तुझ्या तोंडाकडे नाही, म्बुझीवर बसलेल्या मामांकडे. तुझी आई खवणी बघेल आणि आरती अर्धी सोडून विचारेल, ती बाई कोण? मग दोघींना एकमेकींशी बोलू दे. भाषा येत नाही म्हणून काही अडत नाही, नारळ ओला आहे की जून हे दोघींनाही दिसतंय.

रात्री अंगणात गेलीस तर कोर बघू नकोस हं. विषुववृत्ताजवळ ती होडीसारखी आडवी पडलेली, फार गोड दिसते. पण चतुर्थीची आहे, उगाच आळ नको यायला. आधीच गूळ घेतला आहेस.

दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशीची भाजी मात्र सगळ्या घराला घाल. ऋषीच्या भाजीचा नेम काय, तर बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. आपल्याकडे त्यासाठी परसातली भाजी शोधत हिंडावं लागतं. तुझ्या गावात शेती जेंबेवर चालते, हाताच्या कुदळीवर. म्हणजे बाजारातली जवळजवळ प्रत्येक जुडी ऋषींना चालणारी आहे. माठाला 'म्चिचा', भोपळ्याला 'माबोगा', अळकुड्यांना 'मागिंबी'. कोवळं कणीस, भेंडी, आंबटपणाला चिंच, वरून ओलं खोबरं. तेल नाही, मसाला नाही. नैवेद्य दाखवणार असलीस तर घरच्यांची आधी बाजूला काढ, मोदकांसारखीच. उगालीबरोबर, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीबरोबर, चांगली लागते. मी खाल्ली आहे. मुलं नाक मुरडतील, चिपळूणचीही मुरडतात.

पंचमीला संध्याकाळी अक्षता वाहून सुपारी जागची हलव. विसर्जनाला कुठे जायचं म्हणून शोधू नकोस, विहिरीत तर काही म्हणजे काही टाकू नकोस, ते त्यांचं पिण्याचं पाणी आहे. तांदूळ कोंबड्यांना घाल. सुपारी डबीत ठेव, वर नाव लिही, नाहीतर बीबी पानाबरोबर कातरून खातील. जानेवारीत परतताना ती हातातल्या पिशवीत घे, मोठ्या बॅगेत टाकू नकोस. घरी पोचलीस की आईच्या देव्हाऱ्यात ठेव आणि ती ओवाळताना काय म्हणाली ते मला लिही.

आणि मामांनी वितुंबुआत नारळाचं दूध पहिलं घातलं की दुसरं, तेही विचारून कळव. माझे नेहमी बसके होतात.

तुझी,
मावशी